काट्यावर न उतरणारा हिशेब

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर हे स्थानक २००६ साली सुरू झाले. तोपर्यंत या वस्तीतील माणसाला लोकल गाठण्यासाठी एक तर भांडुपला जावे लागे किंवा मुलुंडला, आणि ही दोन्ही स्थानके नाहूरपासून साधारण दोन-दोन किलोमीटरवर असल्यामुळे जो रिक्षा किंवा बस न धरता पायी जाई, त्याची रोज जाऊनयेऊन चारेक किलोमीटर चाल होई. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालताना सत्तर किलो वजनाचा माणूस, स्वस्थ बसून राहिला असता त्यापेक्षा, सुमारे ३५ उष्मांक अधिक खर्च करतो. म्हणजे स्थानक दाराशी आल्यावर अशा माणसाचा दिवसाचा खर्च १४० उष्मांकांनी आणि कामाचे ३०० दिवस धरले तर वर्षाचा ४२,००० उष्मांकांनी कमी झाला. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, हे समीकरण डाएटच्या पुस्तकांतून आणि जिममधील सल्ल्यांतून सर्वत्र ऐकू येते. त्याच समीकरणाने हिशेब केला तर हा माणूस पहिल्या वर्षात साडेपाच किलोंनी आणि दहा वर्षांत पंचावन्न किलोंनी वाढायला हवा. असे घडत नाही हे सांगण्यासाठी कुठल्या संशोधनाची गरज नाही. पण हेच समीकरण उलटे धरून, रोज इतके कमी खा आणि इतके चाला म्हणजे अमुक महिन्यांत अमुक किलो उतरतील, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा त्यातील चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ठरलेले किलो उतरले नाहीत की दोष समीकरणाला न देता माणसाच्या जिभेला आणि आळसाला दिला जातो.

उष्मांक म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी जेवढी उष्णता लागते तिला किलोकॅलरी म्हणतात आणि आहाराच्या चर्चेत कॅलरी किंवा उष्मांक हे शब्द याच एककासाठी वापरले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस काही दिवस आत राहू शकेल अशी बंद खोली उभारली, त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता आणि त्याने खाल्लेल्या अन्नातील ऊर्जा यांचा मेळ घालून पाहिला आणि पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांतून दर ग्रॅममागे सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थांतून सुमारे ९ उष्मांक मिळतात, हे आजही वापरात असलेले आकडे दिले. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियम मानवी देहालाही लागू आहे, याविषयी तेव्हापासून शंका उरलेली नाही. खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तर शरीराला साठ्यातून उचल करावीच लागते आणि साठा घटला की वजन घटते. कमी खाल्ल्याने वजन उतरते का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून निःसंशय होकारार्थी आहे. अडचण पुढे येते, कारण या वहीतील जमेची आणि खर्चाची बाजू एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत आणि एका बाजूला हात लावला की दुसरी आपोआप हलते.

७,७०० उष्मांकांच्या नियमाचे मूळ मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ साली मांडलेल्या गणितात आहे. चरबीच्या साठ्यात किती ऊर्जा असते याचा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. चूक झाली ती त्या आकड्याने महिनोन्‌महिने पुढे गुणाकार करत राहणाऱ्यांची, कारण या गुणाकारात वजन बदलले तरी शरीराचा खर्च आहे तेवढाच राहील असे गृहीत धरलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे गृहीतक काढून टाकणारे गणित मांडले. त्यानुसार रोजच्या आहारात कायमचा २४ उष्मांकांचा फरक केला तर वजनात अखेर सुमारे एका किलोचा फरक पडतो, त्यातील निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत पडतो आणि मग वजन नव्या पातळीवर स्थिरावते. नाहूरच्या त्या पादचाऱ्याला हेच गणित लावले, आणि त्याचे खाणे तसेच राहिले असे मानले, तर त्याचे वजन चार-पाच किलोंनी वाढून थांबेल. वाढलेला देह पोसायला आणि वाहायला अधिक ऊर्जा लागते, हे थांबण्याचे साधे कारण आहे. वजन उतरवतानाही असेच होते आणि सुरुवातीला वेगाने खाली येणारा काटा काही महिन्यांनी अडून बसतो तो बहुधा यामुळे.

सुरुवातीचा वेगही काहीसा आभासी असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजन या रूपात साखरेचा थोडा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे अचानक कमी केले की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जाते आणि पहिल्या आठवड्यातच दोन किलो उतरल्याचा आनंद मिळतो, जरी चरबी फारशी हललेली नसते. ‘सात दिवसांत’ अशी सुरुवात असलेल्या जाहिराती याच पाण्यावर तरतात.

शरीराच्या खर्चाचे तीन भाग पडतात. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालू ठेवणे आणि देहाचे तापमान राखणे यांसाठी स्वस्थ पडून असतानाही जी ऊर्जा लागते तिला मूलभूत चयापचय म्हणतात आणि बैठे काम करणाऱ्या माणसाच्या खर्चात तिचा वाटा साठ-सत्तर टक्के असतो. सुमारे दहावा हिस्सा अन्न पचवण्यातच जातो आणि उरलेला हालचालींत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला २,११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी १,६६० उष्मांकांची गरज धरली आहे. या आकड्यांकडे पाहिले की स्त्रियांना वजन उतरवणे अधिक कठीण का जाते याचा एक भाग कळतो, कारण १,६६० मधून पाचशे वजा केल्यावर जे उरते त्यात दिवस काढायचा, घरच्या सर्वांचा स्वयंपाक करायचा आणि त्यांना वाढूनही द्यायचे, ही तडजोड महिनोन्‌महिने निभावणे सोपे नाही.

खाल्लेल्याची मोजणी हा आणखी एक कच्चा दुवा आहे. माणूस प्रत्यक्षात किती ऊर्जा वापरतो हे त्याला कोंडून न ठेवता मोजण्याची एक सुंदर पद्धत उपलब्ध आहे. त्याला असे पाणी प्यायला दिले जाते की ज्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे नेहमीपेक्षा जड, पण निरुपद्रवी असतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो, जड ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी जातो, त्यामुळे लघवीच्या नमुन्यांतून दोहोंच्या घटीतील फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला आणि म्हणून किती अन्न जळले, ते समजते. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ साली ही पद्धत अशा लोकांवर वापरली, जे वारंवार डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणून आले होते. त्यांनी स्वतःचे खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि स्वतःची हालचाल ५१ टक्क्यांनी अधिक नोंदवली असल्याचे दिसून आले. ही लबाडी होती असे समजणे अन्यायाचे ठरेल. मराठी स्वयंपाकघरात फोडणीचे तेल चमच्याने मोजून नव्हे तर अंदाजाने पडते आणि पाच ग्रॅमचा एक चमचा म्हणजे ४५ उष्मांक. भाजीत, आमटीत, चटणीत, पोळीला लावलेल्या तुपात असे किती चमचे आले, हे रांधणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग जेवणाऱ्याने ते कसे सांगावे?

नेमके मोजून दिले तरी देह एकसारखा वागत नाही. कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या बारा जोड्यांना देखरेखीखाली ८४ दिवस रोज गरजेपेक्षा हजार उष्मांक जास्त खाऊ घातले. सगळ्यांना जादा अन्न सारखेच मिळूनही कोणाचे वजन ४.३ किलोंनी वाढले तर कोणाचे १३.३ किलोंनी, आणि एका जोडीतील दोघांची वाढ बरीचशी मिळतीजुळती राहिली. उलट दिशेचे चित्रही असेच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ लोकांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी स्निग्धांश घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी पिष्टमय आहार घेणाऱ्यांचे ६ किलोंनी उतरले, हा फरक नगण्य ठरला. मात्र दोन्ही गटांत कोणी तीस किलो उतरवले होते आणि कोणाचे वजन दहा किलोंपर्यंत वाढलेही होते. सरासरीवरून एका माणसाचे भवितव्य सांगता येत नाही, हे या चाचणीतील सर्वांत मोलाचे निरीक्षण, पण बातम्यांत ते क्वचितच उतरले.

महाराष्ट्रात या विषयावरची सर्वांत गाजलेली चर्चा २०१८ च्या सुमारास झाली. नागपूरचे बहुपदवीधर नेते डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांचे २००४ साली अपघाती निधन झाले, ते आपल्या व्याख्यानांतून असे मांडत असत की माणूस जितक्या वेळा खातो तितक्या वेळा स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते, इन्सुलिन चरबी साठवते आणि म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात. हाच विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवला. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचे, मधल्या वेळेत काही खायचे नाही आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, हा त्यांचा आराखडा ‘दीक्षित डाएट’ म्हणून घराघरांत माहीत झाला. दुसरीकडे मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर स्थानिक व हंगामी अन्न, तूप आणि थोड्या थोड्या अंतराने भुकेपुरते खाणे यांचा आग्रह धरत होत्या. लग्नघरी, कार्यालयात, लोकलच्या डब्यात लोक दोन तट पाडून बोलू लागले.

खाण्याच्या वेळा आवळल्याने काही खास लाभ होतो का, याची तपासणी याच काळात जगात इतरत्र होत होती. चीनमधील ग्वांगजौ येथे १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारखेच मोजके उष्मांक दिले गेले. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचे होते, इतरांवर वेळेचे बंधन नव्हते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६.३ किलोंनी उतरले, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. इन्सुलिन किती वेळा स्रवले याला मूळ कारण मानणारी उपपत्ती त्यामुळे दुबळी ठरते, पण आराखडा निरुपयोगी ठरत नाही. दोन वेळाच जेवायचे ठरवले की सकाळचा बिस्किटांसह चहा, कार्यालयातील सामोसा, स्थानकाबाहेरचा वडापाव, रात्री टीव्हीपुढचे फरसाण आणि दर खेपेच्या चहातील साखर हे सारे न मोजता गळून पडते. नियम सोपा असल्याने पाळता येतो आणि वजन उतरते ते त्यातून घटलेल्या उष्मांकांमुळे. एखाद्याला दोन वेळा जेवणे मानवते, दुसऱ्याला चार वेळा थोडे थोडे खाणे. यातील जी रीत वर्षानुवर्षे निभेल ती त्या माणसासाठी बरी, आणि या निष्कर्षापुढे दोन्ही तटांतील वाद फिका पडतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या मधुमेहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे असते, कारण रक्तातील साखर एकाएकी घसरू शकते.

आपल्या भाषेने या प्रकरणातील एक शरीरधर्म फार पूर्वी टिपून ठेवला आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उपवासाच्या दांभिकपणावर बोट ठेवते असे मानले जाते, पण आहारशास्त्रात जिला भरपाई म्हणतात तिचेच हे वर्णन आहे. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी ही रोजच्या भाजी-पोळीपेक्षा हलकी नसते, आणि सोडलेल्या एका जेवणाची भूक पुढच्या जेवणात बेमालूम वसूल होते.

ही वसुली किती चिवट असते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात दिसून आले. अँसेल कीज यांनी युद्धात लढायला नकार देऊन सेवेसाठी पुढे आलेल्या ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांच्या आहारावर ठेवले आणि त्यांना आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळपास चौथाईने घटले, म्हणजे कमी खाणे आणि चालणे यांनी वजन उतरते याचा याहून ढळढळीत पुरावा नाही. मात्र ते गारठू लागले, चिडखोर झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, त्यांचा मूलभूत चयापचय घटला आणि प्रयोगानंतर मोकळेपणाने खायला मिळाल्यावर शरीरातील चरबी पूर्वीपेक्षाही वर गेली. आज बारा-पंधराशे उष्मांकांचे तक्ते सहज हातात ठेवले जातात, तेव्हा ते पाळताना चिडचिड झाली, थंडी वाजली, सतत खाण्याचे विचार आले तर त्यात चारित्र्याचा काही दोष नाही, हे या ३६ जणांमुळे माहीत झालेले आहे.

यामागची रसायने पुढे सापडली. चरबीच्या पेशींतून रक्तात सुटणारे लेप्टिन हे संप्रेरक, म्हणजे दूरच्या अवयवाला संदेश देणारे रसायन, १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देते. रिकाम्या जठरातून भुकेचा निरोप नेणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये सापडले. मेलबर्न येथे ५० लोकांना दहा आठवडे अत्यल्प आहार देऊन त्यांचे वजन उतरवले गेले आणि वर्षभराने रक्त तपासले, तेव्हा घ्रेलिन अजून चढलेले आणि लेप्टिन उतरलेले होते. भूकही पूर्वीपेक्षा जास्त होती. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तर सरासरी ४१ किलो परत आले होते आणि स्वस्थ बसलेले असताना त्यांचा खर्च त्यांच्या देहाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी होता. ही टोकाची उदाहरणे आहेत, आणि हळूहळू पाच-सात किलो उतरवणाऱ्याच्या वाट्याला एवढा प्रतिकार येत नाही. तरीही दिशा तीच राहते. उपासमारीच्या युगांतून तगलेला देह वजन घटणे हे संकट समजतो आणि ते भरून काढण्यासाठी भूक वाढवतो व खर्च आखडता घेतो.

चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो, ही समजूत मात्र पुराव्यावर टिकत नाही. २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास २०२१ साली ‘सायन्स’मध्ये आला आणि त्यात देहाच्या आकारमानाचा हिशेब घेतल्यावर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळपास स्थिर आढळला. चाळिशीत पोट सुटते ते हालचाल, झोप, जबाबदाऱ्या आणि ताट यांत झालेल्या बदलांमुळे.

व्यायामाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्याच्याविषयीच्या अपेक्षा सर्वांत जास्त आणि सर्वांत चुकीच्या असतात. पाऊण तास झपाझप चालून सत्तर किलोच्या माणसाचे दीडशे ते दोनशे उष्मांक जादा खर्च होतात आणि एका वडापावात त्याहून अधिक असतात. शिवाय येथेही भरपाई आहे. टांझानियातील हाड्झा या शिकारी व कंदमुळे गोळा करणाऱ्या समाजात लोक दिवसभर चालतात, खणतात, झाडांवर चढतात. तरी हर्मन पाँट्झर यांनी २०१२ साली जड पाण्याच्या पद्धतीने मोजले तेव्हा देहाचा आकार लक्षात घेता त्यांचा एकूण खर्च अमेरिका व युरोपमधील बैठ्या लोकांएवढाच निघाला. देह हालचालीसाठी दिलेली ऊर्जा अन्य कामांतून काटतो, असे पाँट्झर मानतात. हे किती प्रमाणात घडते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अमेरिकेत रजोनिवृत्त स्त्रियांवर सहा महिने झालेल्या चाचणीत सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या गटाचे वजन जेमतेम दीड किलोने घटले, मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही कमी. याउलट तरुणांना दहा महिने आठवड्यातून पाच दिवस देखरेखीखाली, प्रत्येक वेळी ४०० किंवा ६०० उष्मांक खर्च होईपर्यंत व्यायाम करायला लावले तेव्हा खाण्यात काही न बदलताही अनुक्रमे ३.९ आणि ५.२ किलो उतरले. व्यायामाने वजन उतरतच नाही हे म्हणणे म्हणून खोटे आहे. पण त्यासाठी लागणारा व्यायाम बहुतेकांच्या दिवसात बसत नाही.

व्यायामाचे खरे सामर्थ्य उतरलेले वजन टिकवण्यात आहे. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते ज्यांनी साडेतेरा किलोंहून अधिक वजन उतरवून किमान वर्षभर टिकवले. त्यातील बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास चालण्यासारखा व्यायाम करतात आणि नियमाने वजन पाहतात. आणि हालचाल पार संपली तर काय होते, हे भारतातच पाहिले गेले होते. जाँ मेयर यांनी १९५६ साली कोलकात्याजवळच्या एका तागगिरणीतील २१३ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलक्यापासून अति जड कामापर्यंत कामाबरोबर खाणे वाढत गेले आणि वजन फारसे बदलले नाही, पण अगदी बैठे काम करणारे कारकून, मुकादम आणि दुकानदार हे हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि जाडही होते. एका मर्यादेखाली हालचाल गेली की भुकेचा लगाम सुटतो, असा याचा अर्थ लावला गेला. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादुर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत, त्यांतील कित्येकांच्या जागी आता मॉल, कार्यालये आणि टोलेजंग इमारती आहेत. यंत्रावर पाळी करणाऱ्या माणसाचा मुलगा संगणकापुढे नऊ तास बसतो आणि त्याखेरीज दोन-तीन तास प्रवासात घालवतो, तेव्हा तो मेयर यांच्या आलेखाच्या नेमक्या त्या टोकाला येऊन पोहोचलेला असतो.

इथे काट्यावरचा आकडा हेच माप योग्य आहे का, असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुण्याने दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशा या घडणीला ‘थिन-फॅट’ म्हटले जाते. तिचा माग याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापर्यंत काढला. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पुण्याकडची बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा देहात मधुमेह कमी वजनातही गाठतो. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा २५ ऐवजी २३ धरली जाते.

वजन न उतरता व्यायामाचा काय लाभ, या प्रश्नालाही भारतातच उत्तर मिळाले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांची चाचणी केली. ज्यांना आहार व हालचालीविषयी नियमित सल्ला दिला गेला त्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिले, आणि हे सरासरी वजन घटल्याविनाच घडले. अमेरिकेत अशाच चाचणीत आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि सात टक्के वजन उतरवण्याचे लक्ष्य ठेवल्यावर हे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते, म्हणजे वजन उतरले तर लाभ अधिकच आहे. पण चेन्नईच्या निष्कर्षाचे मोल महाराष्ट्रातील वाचकाने विशेष जाणावे. सहा महिने चालून दीड किलोही उतरले नाही म्हणून बूट कोपऱ्यात टाकणारा माणूस जो लाभ सोडून देतो, तो काट्यावर दिसतच नाही. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता उचलतो आणि हा परिणाम त्या दिवसाच्या चालण्यानंतर कित्येक तास टिकतो.

२०२५ साली टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात विकली जाऊ लागल्याने जुना वाद नव्या वळणावर आला आहे. जेवल्यावर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करून ही औषधे भूक शमवतात. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. ती खर्च वाढवत नाहीत, उष्मांकच कमी करतात, म्हणजे ऊर्जेच्या वहीला ती अपवाद नाहीत. त्यांनी सिद्ध केले ते एवढेच की कमी खाणे अशक्य होते ते भुकेमुळे, आणि भूक ही इच्छाशक्तीपेक्षा रसायनांच्या ताब्यात अधिक असते. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परतले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत निर्देशांकाने लठ्ठ ठरणारे प्रौढ २८.६ टक्के, तर पोटाचा घेर जादा असलेले ३९.५ टक्के निघाले. या दोन आकड्यांमधील माणसे ती, ज्यांना काटा सुखरूप ठरवतो. त्यांच्यासाठी शिंप्याची टेप अधिक खरी आहे. उभे राहून, सहज श्वास सोडल्यावर, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता ती धरायची. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरपर्यंत आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपर्यंत असावा. नियमित चालण्याने पोटाच्या आतली चरबी वजन हलण्याआधीच कमी होऊ शकते, त्यामुळे काटा जागचा हलला नसला तरी तीन-चार महिन्यांनी हीच टेप एखाद-दोन सेंटिमीटर आत आलेली सापडते.